जानेवारीतला पंखा

जानेवारीच्या रात्री छत्रपती संभाजीनगरात पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. गोधड्या, रजया, कानटोप्या सगळं माळ्यावरून खाली आलेलं असतं. अशा रात्री सिडकोतल्या एखाद्या गल्लीत बंद खिडकीआडून छताच्या पंख्याची घरघर ऐकू आली, तर तिचे दोनच अर्थ संभवतात. एक, त्या घरात डास फार झालेत. दोन, त्या घरातल्या बाईंनी पंचेचाळिशी ओलांडली आहे. डासांसाठी निदान महापालिकेची धुराची गाडी तरी येते. बाईंसाठी कोणी येत नाही. उलट गोधडीच्या आतून आवाज येतो, "अगं, थंडीत कुणी पंखा लावतं का?" हा प्रश्न व्याकरणापुरता प्रश्न, त्याला उत्तर नको असतं, पंखा बंद व्हायला हवा असतो. पंखा बंद होतो, दहा मिनिटांनी पुन्हा लागतो, पुन्हा बंद होतो. लग्नात सप्तपदीत कोण पुढे चाललं, घराच्या कागदांवर नाव कुणाचं, पगार कुणाचा जास्त, या सगळ्यावरून घरातल्या सत्तेचा अंदाज चुकू शकतो. मध्यरात्री रेग्युलेटरवर शेवटचा हात कुणाचा पडतो, यावरून तो चुकत नाही.

या प्रकाराचं घरगुती निदान ठरलेलं आहे: उष्णता. मराठी माणसाच्या वैद्यकात उष्णता या एका शब्दावर जेवढा भार आहे, तेवढा तुळईवरही नसेल. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. मांडीवर गळू, नाकाचा घोळणा फुटणं, परीक्षेत नापास होणं, सुनेला उलट उत्तर देणं, सगळी उष्णतेचीच रूपं. आणि निदान एक म्हटल्यावर उपचारही ठरलेले: भिजवलेला सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, गुलकंद, मोरावळा, माठात वाळ्याची जुडी, आणि सगळं थकलं की तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणं. वाटी काळी पडली की उष्णता बाहेर आली, असा भौतिक पुरावाही हातात मिळतो. त्यातून आपलं शहर पडलं मराठवाड्यात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की गुलमंडीवर कपडे घेणारा, देणारा आणि नुसता बघणारा, तिघंही सारखेच निथळत असतात. तेव्हा एखादीच्या छातीपासून कानशिलापर्यंत आगीचा लोळ चढला आणि ब्लाऊज पाठीला चिकटला, तर तिच्याकडे वळून कोण बघणार? मे महिना या बाबतीत फार सोयीचा. खरी पंचाईत होते ती जानेवारीत, संक्रांतीच्या हळदी-कुंकवात, जेव्हा बाकीच्या बायका शाली सारख्या करत असतात आणि यजमानीणबाई तिळगुळाच्या रिकाम्या ताटाने स्वतःला वारा घालत असतात.

या अवस्थेला आपल्याकडे धड नावही नाही. 'रजोनिवृत्ती' हा शब्द सरकारी परिपत्रकातून उतरल्यासारखा वाटतो. 'पाळी गेली' हे खालच्या आवाजात सांगायचं. 'हॉट फ्लॅश'ला तर मराठी प्रतिशब्दच रुळला नाही. 'अंगातून वाफा निघतात' हे त्यातल्या त्यात जिवंत वर्णन. मलिक अंबरने १६१० साली वसवलेली खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, मग छत्रपती संभाजीनगर अशी चार नावं ज्या गावाने पचवली, त्या गावाला घरातल्या बाईच्या या त्रासासाठी एक नाव सापडू नये, याचं नवल वाटतं. नाव नसलं की तक्रार करता येत नाही. दवाखान्यातही बाई गुडघे, साखर, बीपी सगळं सांगून झाल्यावर उठता उठता 'थोडी कमजोरी वाटते' एवढंच म्हणते. मग तिला टॉनिक मिळतं, तेही बहुधा केशरी रंगाचं.

माझं म्हणणं असं की या बाईला उष्णता झालेली नाही, तिला आज्ञा झालेली आहे. आणि ती आज्ञा देणाऱ्याला ओळखायला संभाजीनगरकरांइतकं योग्य कोणी नाही, कारण त्याचा नमुना गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर दौलताबादला येऊन गेला आहे. १३२७ च्या सुमारास महंमद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवायचं ठरवलं, तिचं नाव दौलताबाद ठेवलं, आणि दिल्लीच्या प्रतिष्ठित मंडळींना सामानसुमानासह दख्खनची वाट धरायला लावली. पुढे काही वर्षांनी चला परत. बाईला आज्ञा देणाराही असाच: मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. शरीराचं तापमान सांभाळायचं काम त्याचं. एरवी तो समंजस सुभेदारासारखा वागतो. शरीराचं आतलं तापमान थोडं वर-खाली झालं तर दुर्लक्ष करतो. त्रास नसलेल्या बायकांमध्ये या दुर्लक्षाचा पट्टा साधारण ०.४ अंश सेल्सिअसचा असतो, हे डेट्रॉइटच्या रॉबर्ट फ्रीडमन यांनी १९९९ मध्ये मोजून दाखवलं. वाफा येणाऱ्या बायकांमध्ये मात्र हा पट्टा जवळपास शून्यावर आलेला त्यांना आढळला. म्हणजे सुभेदाराचा तुघलक झाला. आतलं तापमान केसभर वाढलं की फर्मान सुटतं: शहर जळतंय, सगळ्यांनी बाहेर पडा! त्वचेखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, गरम रक्त पृष्ठभागाकडे धावतं, काळीज धडधडतं, बोटांच्या त्वचेचं तापमान काही अंशांनी चढतं आणि दरदरून घाम फुटतो. शहर जळत नव्हतंच. घामाने अंग विनाकारण गार पडतं, मग हुडहुडी भरते आणि दुसरं फर्मान येतं: चला परत दिल्लीला. पंखा बंद, गोधडी अंगावर. हा सगळा कारभार दोन-चार मिनिटांत आटोपतो आणि रात्रीतून पाच-सहा वेळाही होऊ शकतो. इतिहासातल्या तुघलकाला एका स्थलांतराला वर्षं लागली, यावरून आतला किती कार्यक्षम आहे ते कळावं.

हा सुलतान बिघडतो कशाने? भारतीय बाईची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बाईपेक्षा चार-पाच वर्षं आधी. त्याच्या आगेमागे इस्ट्रोजेन ओसरतं. अॅरिझोना विद्यापीठाच्या नाओमी रान्स यांनी १९९० च्या आसपास पाळी गेलेल्या बायकांच्या मेंदूंचा अभ्यास केला, तेव्हा हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी चक्क फुगलेल्या दिसल्या. इस्ट्रोजेनचा वचक होता तोवर या पेशी मर्यादेत होत्या. वचक गेला आणि माजल्या. पुढे त्या पेशींतल्या तीन रसायनांच्या आद्याक्षरांवरून शास्त्रज्ञांनी त्यांचं लाडाचं नाव पाडलं 'कँडी'. नाव लहान मुलाच्या खाऊचं आणि वागणं लवंगी मिरचीचं. तापमानाच्या नियंत्रणकक्षाला फोन लावून खोटी आगीची वर्दी देणं हा यांचा उद्योग.

एवढं कळलं की आपले सगळे थंडावे कुठे चुकतात ते ध्यानात येतं. बाईचं शरीर तापलेलं नाही. ते स्वतःच कूलर होऊन चालू झालं आहे. कूलर आणि घाम यांचं तत्त्व एकच: पाण्याची वाफ होताना उष्णता ओढली जाते. म्हणूनच कूलर मराठवाड्याच्या कोरड्या हवेत चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत नुसता गरम फवारा मारतो. आता चालू कूलरला थंड करायला त्याच्यासमोर सब्ज्याचा पेला धरायचा, यात सद्भावना खूप असली तरी यंत्रशास्त्र कमी आहे. फर्मान मेंदूत निघतंय आणि आपण तूप तळपायाला चोळतोय. दिल्लीत सुलतान आणि अर्ज पैठणच्या तलाठ्याकडे. अमेरिकेतल्या 'मेनोपॉज सोसायटी'ने २०२३ मध्ये हार्मोनांखेरीजच्या उपायांची छाननी केली, तेव्हा सोयाबीनचे अर्क, जडीबुटीच्या गोळ्या, अॅक्युपंक्चर, इतकंच काय, योग आणि गारव्याचे उपायही वाफा कमी करण्यासाठी शिफारस करण्याइतके पुराव्यात बसले नाहीत. योगाने कंबर, झोप आणि स्वभाव सुधारत असेल, जरूर करावा. पण 'कँडी' पेशी त्याला दाद देतात असं दिसलेलं नाही.

यावर लगेच कोणी तरी म्हणणार, "अहो, पण आमच्या शेजारच्या काकूंना गुण आला की!" आला असेल. नक्कीच आला असेल. गुण येण्याची शास्त्रीय सोयही आहे. हार्मोनांच्या चाचण्यांचा एक मोठा आढावा २००४ साली निघाला. त्यात ज्या बायकांना औषधाच्या नावाखाली नुसती रिकामी गोळी दिली होती, त्यांच्या वाफाही शेवटी ५७.७ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. रिकाम्या गोळीने! वाफा मुळातच चढतात-उतरतात, बाई उपाय शोधायला निघते ती चढ असताना, आणि उतार ज्याच्या वेळी लागतो त्या काढ्याचा जयजयकार होतो. वर कुणी तरी आपलं ऐकून घेतलं, याचाही गुण असतो. तेव्हा काकूंच्या सब्ज्याला माझा विरोध नाही. सब्जा स्वस्त आहे, फालुद्यात छान लागतो, आणि निम्म्याहून जास्त यशाची हमी घेऊन येतो. माझा विरोध आहे तो त्याच ५७.७ टक्क्यांना सोनेरी वेष्टनात घालून 'फक्त तिच्यासाठी' म्हणून शेकड्याने रुपये लावणाऱ्या कॅप्सुलला. रिकामीच गोळी घ्यायची तर ती घरची असावी.

दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा, आणि तो नेहमी पानाचा विडा लावून झाल्यावर येतो: "आमच्या आज्यांना नव्हतं बाई हे असलं काही." आता आजी दिवसाचे सहा तास चुलीपुढे बसायची. त्या बाईला आलेली वाफ चुलीची की स्वतःची, हे आजीला तरी कसं कळावं? रात्री ती गच्चीवर नाही तर ओसरीवर निजायची, आणि अर्ध्या रात्री उठून रांजणातलं पाणी तोंडावर मारायची. त्याची नोंद घ्यायला तिथे कोणी संशोधक बसलेला नव्हता. शिवाय कितीजणी तिथवर पोहोचायच्या, हाही प्रश्न आहेच. आपल्या गावातली सर्वांत देखणी इमारत घ्या. बीबी का मकबरा ज्या दिलरास बानूसाठी उभा राहिला, ती १६५७ मध्ये बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली, पस्तिशीच्या आसपास. ज्याची नक्कल म्हणून हा मकबरा हिणवला जातो, त्या ताजमहालातली मुमताजही १६३१ मध्ये बाळंतपणातच गेली, चौदाव्या. एकीलाही जानेवारीत पंखा लावायची वेळ आली नाही. बाळंतपणात गेलेल्या बाईला आपण संगमरवर दिला. बाळंतपणं आटोपून पुढे जगलेल्या बाईला साधा टेबल फॅन देताना मात्र विजेच्या बिलाची आठवण होते.

तरीही या आक्षेपात एक दाणा खरा आहे, तो टाकून देता येणार नाही. मार्शा फ्लिंट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये राजस्थान आणि हिमाचलमधल्या ४८३ राजपूत बायकांबद्दल लिहिलं. पाळी जाण्याबद्दल त्यांच्या तक्रारी फारच थोड्या निघाल्या. कारण काय, तर पाळी गेली की त्यांचा पडदा सुटायचा. पुरुषमंडळी बसतात तिथे येऊन बसता यायचं, बोलता यायचं, थट्टामस्करी करता यायची. मार्गारेट लॉक यांना जपानात दिसलं की तिथल्या बायकांना या वयात खांदे आखडल्याची तक्रार जास्त, आणि हॉट फ्लॅशला त्यांच्या भाषेत नेमका एकच असा शब्दही नाही. यावरून 'म्हणजे सगळं मनाचे खेळ' असा निष्कर्ष काढायला काही जण टपलेलेच असतात. तो चूक. फुगलेल्या पेशी मनाच्या नाहीत. राजपूत बाईच्या अंगातून वाफ निघतच नसेल असं नाही, निघाली तरी बाई त्या वेळी पुरुषांच्या बैठकीत, आपल्या मर्जीने बसली होती. वाफ आणि वाफेचा जाच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आधुनिक मानसोपचारालाही मान्य आहे. विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा सीबीटी नावाचा उपचार वर सांगितलेल्या छाननीतून सुखरूप बाहेर पडला. त्याने वाफांची संख्या फारशी घटत नाही. त्या आल्यावर 'आता सगळे बघताहेत, आता मी मरते' हे जे होतं, ते घटतं. थोडक्यात, सुलतान तोच, पण रयतेची भीड चेपते.

तिसरा आक्षेप जरा टोचणारा आहे. हे सगळे शहरातल्या, एसीत बसणाऱ्या बायकांचे चोचले. शेतात राबणारीला कुठे असतात हॉट फ्लॅश? याचं उत्तर शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या तिथल्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणात काढली जातात, ही गोष्ट २०१९ मध्ये गाजली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या चार दिवसांचा खाडा झाला तर मुकादमाचा दंड, त्यापेक्षा पिशवीच काढलेली बरी, असा तो हिशोब. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर इस्ट्रोजेन हळूहळू ओसरत नाही, बांध फुटल्यासारखं एका दिवसात जातं, आणि वाफाही तशाच जोरात येतात. त्याही तिशी-पस्तिशीत, फडात, डोक्यावर मोळी असताना. नुसतं गर्भाशय काढलं तरी अंडाशयं थोडी लवकरच थकण्याचा संभव असतो. हॉट फ्लॅश तिला असतात. रेग्युलेटर नसतो. पालाच्या झोपडीला छतच नाही, तर पंखा कुठे टांगणार? तेव्हा चोचले कुणाचे हे ठरवायचंच असेल, तर ते मुकादमाचे ठरवावेत.

मग सुलतानाला आवरणारं काही आहे की नाही? आहे, आणि ते ऐंशीहून अधिक वर्षं आहे. ओसरलेलं इस्ट्रोजेन बाहेरून दिलं की 'कँडी' पेशींवर पुन्हा वचक बसतो. रिकाम्या गोळीच्या तुलनेतही वाफा सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होतात, असं त्याच २००४ च्या आढाव्याने सांगितलं. या उपचाराचा इतिहास मात्र एखाद्या वगनाट्याला शोभावा असा आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं 'प्रीमॅरिन' हे औषध गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढत. गोमूत्राचा विषय निघाला की नाकाला रुमाल लावणाऱ्या साहेबाच्या देशात लाखो मडमा रोज सकाळी घोडीचा प्रसाद घेत होत्या, आणि गुण येत होता. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टराने पुस्तक लिहून जाहीर केलं की ही गोळी घेतली तर बाई कायमची तरुण राहील. पाळी जाणं हा जणू बाईचा गुन्हा आणि गोळी हा जामीन. पुढे कळलं की डॉक्टरसाहेबांच्या मागे औषध कंपन्यांचा पैसा होता. आणि मग २००२ चा जुलै उजाडला. सोळा हजारांवर बायकांवरची एक मोठी अमेरिकी चाचणी मधेच थांबवली गेली, कारण दोन हार्मोनांच्या मिश्रणाने स्तनाचा कर्करोग वाढताना दिसला. जगभर मथळे झळकले, डॉक्टरांनी कागदावरून आणि बायकांनी मनातून हार्मोन्स पुसून टाकली. 'हार्मोन म्हणजे कॅन्सर' हे समीकरण अजूनही आपल्या हळदी-कुंकवात वाणासारखं वाटलं जातं.

हा चौथा आक्षेप, आणि याला खांदे उडवून उत्तर देता येत नाही. आकडे बघावे लागतात. त्या चाचणीत दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८ केसेस जास्त निघाल्या. पक्षाघात आणि फुप्फुसातल्या गुठळ्याही साधारण तेवढ्याच वाढल्या. आठ म्हणजे शून्य नव्हे. पण दहा हजारांत आठ म्हणजे 'घेतली की झालाच' असंही नव्हे. आणि बातमीत जे बारीक टायपात गेलं ते असं की त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. वाफांनी हैराण झालेली आपली बाई सत्तेचाळीसची. म्हणजे आजीबाईंच्या रक्तवाहिन्यांवरून सूनबाईंचा निकाल लावला गेला. नंतरच्या फेरतपासणीत चित्र निवळलं: साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, एरवी धडधाकट बाईला त्रास फार असेल, तर फायद्याचं पारडं बहुधा जड असतं. स्तनाचा कर्करोग, गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही असेल तर मात्र त्या वाटेला जायचं नाही. अशांसाठी नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेत चालतात, आणि २०२३ पासून 'फेझोलिनेटंट' नावाची गोळी अमेरिकेत आली आहे, ती थेट त्या माजलेल्या पेशींच्या निरोपांची वाट अडवते. तिच्यावर यकृताबाबतचा कडक इशाराही छापलेला असतो. थोडक्यात, सुलतानाला आवरणाऱ्या प्रत्येक वजिराची फी असते. ती आधी विचारून घ्यावी. आणि रात्रीच्या घामासोबत ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर वाफांना बोल लावण्याआधी क्षय आणि थायरॉईड तपासून घ्यावा. सगळ्याला मेनोपॉज म्हणणं हेही सगळ्याला उष्णता म्हणण्यासारखंच.

"पण हे नैसर्गिकच आहे ना, होईल आपोआप बंद," असं म्हणणाऱ्यांचं सगळ्यात जास्त पटतं, कारण ते खरं आहे. आपोआप बंद होतं. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत याला लागणारा काळ निघाला: मध्यक ७.४ वर्षं. मे महिनाही नैसर्गिकच आहे आणि जूनमध्ये आपोआप संपतो. तरी अक्षय्य तृतीयेच्या आत कूलरच्या जाळीतलं गवत बदलून घ्यायला हेच गृहस्थ दुकानात पहिला नंबर लावतात. नळाला रोज पाणी येत नसताना त्या कूलरला बादल्याही तेच पाजतात.

उरला तो गोधडीतला आक्षेप, आणि खरं तर तोच मूळ आक्षेप: पंख्याने मला सर्दी होते. होत असेल. बाईची वाफ खरी तशी नवऱ्याची सर्दीही खरी, हे मान्य करायला हरकत नाही. पण एकाच छताखाली दोन हवामानं नांदवता येत नाहीत, हे या गावात तरी कोणी म्हणू नये. पाणचक्की बघावी. लांबच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणलं, उंच भिंतीवर चढवलं, चक्कीवर पाडून यात्रेकरूंसाठी पीठ दळून घेतलं, आणि तेच पाणी हौदात साठवून हौदाच्या खाली दालन काढलं, वरच्या पाण्याने गार राहणारं. वर उन्हाळा, खाली गारवा, मधे नुसतं छत. अठराव्या शतकात वीज नसताना ज्यांना हे सुचलं, त्यांच्या गावात एकविसाव्या शतकात एका डबल बेडवर तिच्या बाजूला टेबल फॅन, त्याच्या बाजूला कानटोपी आणि दोघांना वेगवेगळी गोधडी, एवढी स्थापत्यकला जमू नये? बिलाची भीती असेल तर हिशोब सोपा आहे: पंच्याहत्तर वॉटचा पंखा आठ तास फिरला तरी एक युनिटसुद्धा होत नाही. वैद्यक म्हणतं की पंख्याने वाफा कमी होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पंख्याने वाफ थांबत नाही. ती आल्यावर कुणाची परवानगी मागावी लागत नाही, एवढाच फरक पडतो. राजपूत बायकांना पडदा सुटल्यावर जे मिळालं, ते सिडकोतल्या बाईला रेग्युलेटरपाशी मिळू शकतं.

सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा त्याला शाल-श्रीफळ मिळतं, दोन तास भाषणं होतात, आणि 'यांच्यामुळे कार्यालयात ऊब होती' असं कोणी तरी म्हणतंच. निवृत्ती हाच शब्द ज्या दुसऱ्या प्रकरणाला लावला जातो, तिथे समारंभ नाही. नसला तर नसो, भर समारंभात अंगावर हिमरू शाल घालून घेण्याची त्या बाईला अजिबात हौस नसते. पण तारखांचा एक योगायोग इथे सांगण्याजोगा आहे. तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली १३२७ च्या सुमारास, आणि ती परत दिल्लीला गेली साधारण १३३५ पर्यंत. म्हणजे सात-आठ वर्षं, ७.४ च्या आसपासच की. फर्मानं थांबली, तांडे परत गेले, दौलताबाद शांत झालं, आणि आता हे ठाणं पूर्वीसारखं मुकाट राहील असं दिल्लीने गृहीत धरलं. १३४७ मध्ये त्याच दौलताबादेत दख्खनच्या अमिरांनी अलाउद्दीन हसन बहमनशहाला तख्तावर बसवलं आणि दिल्लीचा अंमल झुगारून दिला. सुलतान तेव्हा गुजरातेतलं बंड मोडण्यात गुंतला होता. तो काही दख्खनला परत आला नाही. पंख्याचा आकडा त्या रात्री चारवर होता की पाचवर, हे बखरकारांनी लिहून ठेवलेलं नाही.